गडाच्या पलीकडची माय

धारूरचा किल्ला बघायला लांबलांबून माणसं येतात, फोटो काढतात, तटावर बसून भेळ खातात. आमच्या गडावर बकऱ्या येतात. तोही किल्लाच, पण लहानखुरा, बालाघाटाच्या एका डोंगराच्या माथ्यावर बसलेला. चार बुरुजांपैकी दीड उरलेला, खडकात कोरलेलं पाण्याचं एक टाकं, एक कडुलिंब, आणि समोरासमोर दोन दरवाजे. तो कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नाही. शाळेतले गुरुजी यादवांचा म्हणतात, पारावरचे म्हातारे कुण्या बादशहाच्या सरदाराचा म्हणतात, आणि दोघंही इतक्या खात्रीनं सांगतात, की पायाभरणीच्या दिवशी नारळ यांनीच फोडला असावा. मला त्या वादाशी देणंघेणं नाही. माझ्यासाठी तो गड म्हणजे रस्ता. गडाच्या अलीकडं माझं सासर आणि पलीकडं माझं माहेर.

सकाळचा स्वयंपाक उरकून निघालं, डोंगर चढला, एका दरवाज्यातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, की खाली माहेर. गाडीनं जायचं तर मांजरसुंब्याला उतरा, दुसरी जीप बघा, ती भरेपर्यंत ड्रायव्हरचं तोंड बघा, मग घाट. दिवस त्यातच जातो.

आमच्या दोन गावांत शिवेवरून जुनं भांडण आहे. गड कुणाचा? अलीकडचे म्हणतात आमचा, पलीकडचे म्हणतात आमचा. मारामाऱ्या होऊन होऊन शेवटी कधीतरी असं ठरलं, की दोन्ही गावांच्या एकाही पुरुषानं गडाच्या आत पाय टाकायचा नाही. टाकला की त्याच्या गावानं गडावर हक्क सांगितला असं समजायचं. ही रीत आजही पाळतात. शेळीच्या मागं धावत आलेला दांडगा गडी दरवाज्यात थबकतो आणि आत चरणाऱ्या शेळीला बाहेरूनच ‘ये गं बाई, ये गं माझी लक्ष्मी’ अशी विनवणी करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बायकांना मात्र मुभा. शिवेच्या भांडणात बाईमाणसाला कुणी मोजतच नव्हतं. याचा मला पूर्वी राग यायचा. नंतर लक्षात आलं, की न मोजल्यामुळं अख्खा किल्ला आमच्या पदरात पडला होता.

नागपंचमीला लेकीला न्यायला माहेरहून मुराळी येतो, भाऊ नाहीतर चुलता. सगळीकडं तो सासरच्या दारापर्यंत येतो. आमचा मुराळी गडाच्या पलीकडच्या दरवाज्यातच थांबायचा. सासरचा माणूस अलीकडच्या दरवाज्यापर्यंत सोडायला यायचा. मधलं अंतर लेकीनं एकटीनं चालायचं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी ते चालत होते. लिंबापाशी आले आणि थांबले. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, पिशवी खाली ठेवली, मुळीवर बसले. इकडच्या दरवाज्यात नवरा, तिकडच्या दरवाज्यात भाऊ, दोघं माना लांब करून ‘काय झालं?’ ‘पाय मुरगळला का?’ विचारायला लागले. आत येऊन बघायची दोघांचीही टाप नव्हती. तेवढा वेळ मी कुणाची सून नव्हते आणि कुणाची लेकही नव्हते. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

परत येताना माय गडापर्यंत यायची. ती बाईमाणूस, म्हणून तिला आत चालायचं. ती थेट आमच्या बाजूच्या दरवाज्यापर्यंत यायची आणि उंबऱ्यावर थांबायची. त्याच्या पुढं माहेरच्या माणसानं, बाई असो का पुरुष, जायचं नाही, हीही रीत. तिथून खाली आमचं गाव दिसतं. ती कपाळावर हात धरून विचारायची,

“तुझं घर कंचं गं?”

“ते बघ माय, शेवग्याजवळचं. पत्र्याचं.”

“हां, दिसलं.”

पुढं पत्रं जाऊन स्लॅब पडला, अंगणात पिठाची गिरणी आली, पोरं मोठी झाली, तरी दर पंचमीला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दिसलं म्हणून ती माघारी फिरायची. माझा संसार तिनं असा लांबूनच पाहिला.

काही वर्षांपूर्वी परतीच्या पावसानं झोडपलं आणि आमच्या बाजूचा दरवाजा पडला. कमान गेली, कमानीवरचा तट गेला, आणि दगडमातीचा माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा ढीग वाटेत बसला. एका अंगाला सरळ कडा, दुसऱ्या अंगाला उभा तट, त्यामुळं बाजूनं जायलाही वाट उरली नाही. गावची पुढारी मंडळी बाहेर उभी राहून बघून आली. उपसायचा कसा? उपसता उपसता आत पाय पडला तर पलीकडचे म्हणणार, यांनी गड बळकावला. पलीकडच्यांनीही तेच म्हटलं. मग सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या आणि विषय संपला.

माझ्या मायचा विषय मात्र संपत नव्हता. तिला गाडी लागते, आणि साधीसुधी नाही लागत. एकदा एका लग्नाला म्हणून तिला जीपमध्ये घातलं, तर मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून ती जी पोटाशी हात धरून बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्यानंतर तिनं गाडीच्या पायरीला पाय लावला नाही. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण डोंगर अजून शेळीसारखा चढते. मी वरचेवर जीपनं जाऊन भेटून यायचे. तरी गेल्या वर्षीच्या पंचमीला मी निघताना ती म्हणाली,

“तू येतीस ते चांगलंच हाय. पण मला तुझ्याकडं तोंड करून उभं ऱ्हायला जागाच उरली न्हाई. एकदा त्या उंबऱ्यावर उभं ऱ्हायचंय मला. पुढलं कुणी बघितलंय.”

माझ्या काळजाला घरं पडली. जीपमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं, पुढच्या पंचमीच्या आत तो दरवाजा मोकळा करायचा आणि मायला उंबऱ्यावर उभं करायचं. तिला आधी काही सांगायचं नाही. पंचमीच्या दिवशी एकदम दाखवायचं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, “तू काय जेसीबी हायस का?”

“जेसीबी वर चढत न्हाई. मी चढती,” मी म्हटलं.

उन्हाळ्यात ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतली, तशी मी कामाला लागले. माझी गिरणी आहे, म्हणजे गावातली प्रत्येक बाई कधी ना कधी डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहतेच. दळण होईपर्यंत ती जाणार कुठं? पट्टा फिरत असायचा आणि मी बोलत असायचे. ज्या बायकांनी उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवल्यात, त्यांना दगडाचं कौतुक ते काय. सगळ्यांत आधी तयार झाली ती आमची बांगडीवाली भाभी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरायचं काम. मला वाटलं होतं, पंचमी आमची, ही कशाला येईल. मी चाचरत विचारलं, तर ती माझ्यावरच उखडली.

“माझं बी माहेर तिकडंच हाय ना. मी काय आभाळातून पडले का?”

आमच्याकडं बाजार गुरुवारी. बाजारादिवशी शेतातलं काम बंद असतं, म्हणून गुरुवारी सकाळी वर जायचं ठरलं. पहार, टिकाव, घमेली घेऊन आम्ही चढलो. पहिलाच प्रश्न आला, दगड टाकायचे कुठं? उतारावर ढकलून दिले असते तर सोपं होतं. पण गडाचा दगड गावाकडं आला की घर बसतं, अशी आमच्याकडं पक्की समजूत. माझा विश्वास नाही, पण बाकीच्या एकीचाही हात पुढं होईना. शेवटी आम्ही ढिगावर चढलो, साखळी केली आणि एकेक दगड हातोहात वर देऊन पलीकडं, गडाच्या आत फेकायला लागलो. दुपारपर्यंत ढीग कंबरेएवढा खाली आला. मी घरी येऊन नवऱ्याकडं असं बघितलं, की त्यांनी गुपचूप स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

पुढच्या गुरुवारी गेलो, तर ढीग होता तेवढाच.

पहिल्यांदा वाटलं, वरचा तट पुन्हा ढासळला असेल. परत उपसला. पुढच्या गुरुवारी परत तेच. एकजण म्हणाली, देवऋष्याला विचारू. दुसरी म्हणाली, गडावर कुणाचं तरी वास्तव्य आहे, त्याला हे आवडलेलं दिसत नाही. भाभी ढिगाकडं बघत म्हणाली, “दगडांना पाय फुटलेत, दुसरं काय.” पारावर तर ऊत आला. आम्ही खाली उतरायला लागलो की म्हातारे खोकल्यासारखं करून हसायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. ढिगावर राग निघेना, म्हणून मी गिरणीवर काढायचे, आणि त्या दिवसांत गावानं बरीच जाडीभरडी भाकर खाल्ली.

आषाढ संपत आला. बायका एकेक करून गळायला लागल्या. गुडघा धरलाय, पाहुणे आलेत, खुरपण तुंबलंय. खोटं नव्हतं कुणाचं, पण मला रडू यायला लागलं. पंचमीला जमीन खणायची नसते, कापायचं-चिरायचं नसतं, चुलीवर तवासुद्धा चढत नाही. म्हणजे जे काही करायचं ते आदल्या दिवसापर्यंत. अशात एक दिवस मायचा फोन आला. आवाज दमलेला.

“काय झालं गं माय?”

“काई न्हाई. हात लई दुखायलेत.”

“कावून?”

ती घुटमळली. मग म्हणाली, “तुला सांगणार नव्हते. आमी बायकाबायका गडावर जायलोत, दर मंगळवारी. आमचा बाजार असतो ना. ते तुमच्याकडचं दार मोकळं करायलोत. म्हटलं पंचमीला तुला तिथं उभं राहून दाखवावं. पण काय सांगू, करणी केल्यावानी झालंय. मेला ढीग सरतच न्हाई.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“माय, दगडं कुठं टाकायलात तुमी?”

“ढिगावरून तिकडं, तुमच्या अंगाला. गडाचा दगड आमच्याकडं कसा आणावा? घर बसतंय.”

मी गिरणी बंद केली आणि खाली बसून हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. दळणाला आलेल्या बायका घाबरल्या, कुणी गेलं की काय. त्यांना सांगितलं तसं त्यांचीही हसून पुरेवाट झाली. दोन गावच्या शहाण्या बायका, एकीकडून मंगळवारी, दुसरीकडून गुरुवारी, तेच दगड इकडून तिकडं आणि तिकडून इकडं फेकत होतो. आम्ही मायलेकींनी एकमेकींपासून लपवायचं ठरवलं नसतं तर एवढे हात भरून आले नसते. पण त्या दगडांवर माझी माय माझ्यासाठी हात चालवत होती, आणि मी तिच्यासाठी, हे कळल्यावर मला अंगात हत्तीचं बळ आल्यासारखं वाटलं.

नंतर आम्ही दोन्हीकडून एकाच दिवशी चढलो. ढिगापलीकडून आवाज यायला लागले. कोण कुणाची लेक, कोण कुणाची नणंद, न बघताच ओळखी निघाल्या. दगडांचं काय करायचं ते भाभीनंच सोडवलं.

“गडाचा दगड गडातच ऱ्हाऊ द्या ना. ना तुमच्याकडं, ना आमच्याकडं.”

मग आम्ही आत देत गेलो, आणि पलीकडच्या बायका ते दगड लिंबाखाली नेऊन रचत गेल्या. लिंबाभोवती मोठा ओटा उठायला लागला. गुडघा धरलेल्या परत आल्या. एका दुपारी ढिगात खिंड पडली आणि पलीकडून हिरव्या बांगड्यांचा एक हात दगड घ्यायला इकडं आला. भाभीनं दगड दिला, पण हात सोडेना.

“ह्या बांगड्या मी भरलेल्या न्हाईत. कोण येतंय गं तिकडं?”

पलीकडून हसण्याचा गलका झाला. दरवाजा पडल्यापासून भाभीचं तिकडचं गिऱ्हाईक दुसऱ्याच कुणीतरी पळवलं होतं. पंचमीला मी पेटी घेऊन येते, बांगड्या माझ्याकडूनच भरायच्या, असं तिनं त्या हाताकडून कबूल करून घेतलं, आणि मगच सोडला.

पंचमीच्या आदल्या दिवशी एकच दगड राहिला. कमानीचा असावा, आडवा पडलेला, खाटेएवढा. पहारी लावल्या, सगळ्यांनी मिळून जोर लावला, तो तसूभर हलला नाही. काहीजणी रडकुंडीला आल्या. मी त्याच्यावर चढून उभी राहिले, पलीकडं उतरले, परत आले.

“राहू द्या. पायरी झाली,” मी म्हटलं.

संध्याकाळी गावची पुढारी मंडळी फोटो काढायला आली. आत यायची सोय नव्हती. आम्ही सगळ्या आत, ओट्यावर बसलेल्या. त्यांनी बाहेरून ‘इकडं तोंड करा’ म्हणून बऱ्याच हाका मारल्या. दमल्यामुळं कुणालाच ऐकू आल्या नाहीत. त्या फोटोत फक्त आमच्या पाठी आहेत.

पंचमीला सकाळीच लिंबाला झोका बांधला. दोन्ही गावच्या लेकी-सुना, नव्या बांगड्या, डब्यांतून पुरणाच्या वाफवलेल्या दिंडांचा वास, आणि भाभीची पेटी ओट्यावर मांडलेली. नवरा मला सोडायला आला आणि रीतीप्रमाणं बाहेरच एका धोंड्यावर टेकला. मी त्या आडव्या दगडापाशी उभी राहिले. पलीकडच्या दरवाज्यातून माय आली. हातात काठी, पण टेकत नव्हती, नुसती धरली होती. झोक्यापाशी बायकांनी तिला थांबवलं, ती थांबली नाही. थेट माझ्यापर्यंत आली, माझा हात धरून दगडावर चढली आणि उभी राहिली. एवढ्या वर्षांनी ती तिथं उभी होती. मी बोट दाखवलं.

“ते बघ माय. शेवग्याजवळचं.”

तिनं कपाळावर हात धरला. बराच वेळ बघितलं.

“मला दिसत न्हाई.”

“कधीपास्नं दिसत न्हाई? दवाखान्यात दाखवायचं ना.”

“पहिल्यापास्नंच. एवढ्या घरांत मला काय कळणार? तू दाखवायचीस, मी दिसलं म्हणायचे. तुला बरं वाटायचं.”

मी बोट खाली घेतलं. तेवढ्यात तिनं काठी पुढं टेकली आणि दगडावरून पाय खाली टाकला, आमच्या बाजूला. मागं झोका थांबला. तिच्याच गावची एक म्हातारी ओरडली, “अगं, काय करायलीस? रीत हाय ना.”

माय वळली. “रीत दरवाज्याची होती. दरवाजा कुठं हाय हितं?”

सगळ्यांनी वर बघितलं. कमान नव्हती, चौकट नव्हती, उंबरा दगडाखाली गाडला गेला होता. वर नुसतं आभाळ होतं. मग भाभी हसली आणि सगळा गड हसायला लागला. माय तोवर उताराला लागली होती. माझा नवरा धोंड्यावरून धडपडत उठला आणि तिच्या पाया पडला.

“चला जावईबापू,” ती म्हणाली, “घर दाखवा.”

तिच्या मागोमाग आणखी दोघीतिघींच्या आया उतरल्या. त्या दिवशी आमच्या गावात पहिल्यांदाच लेकी माहेरी गेल्या नाहीत, माहेरच चालत सासरी आलं. पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. त्यांच्यातला एकही खोकला नाही.

मायनं घराची इंच न्‌ इंच झडती घेतली. गिरणीच्या पट्ट्याला हात लावून बघितला. माठावर झाकण नाही म्हणून मला बोलली. फडताळातले डबे उघडून वास घेतले. मग शेवग्याखाली खुर्ची टाकून बसली आणि दोन तांबे पाणी प्याली. चांगली राहिली काही दिवस. मी गिरणी चालवताना ती आल्यागेल्या बाईला सांगायची, ही माझी लेक. जणू गावाला ते माहीतच नव्हतं.

निघायच्या दिवशी मी तिच्यासोबत गड चढले. पलीकडच्या दरवाज्यात भाऊ न्यायला येऊन उभा होता. मी तिच्या पिशवीत दिंडं घातली, ताजं पीठ घातलं, वर शेवग्याच्या शेंगा घातल्या. आडव्या दगडापाशी आलो आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. अगदी लेकी माहेरातून निघताना रडतात तशी.

“माय, सासरी चाललीस का काय?” मी चिडवलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. दगडावर चढली, पलीकडं उतरली आणि मगच बोलली.

“पुढल्या पंचमीला मुराळी येळेवर धाड. मला ताटकळत ठेवू नको.”

धाडायचा कुणाला? मीच जाणार आहे.